रांजणातला डग्गा

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. गल्लोगल्ली नव्या कचेऱ्यांच्या पाट्या लागत होत्या, नळ मात्र ठणठणीत कोरडे. त्या दुष्काळात मी घरातले दोन रिकामे रांजण पळवले आणि त्यांच्या तोंडांवर, आढ्याकडे बघणारे, दोन स्पीकर बसवले. आज मी महागडे स्पीकर घडवतो, गिऱ्हाइकं त्यांच्यापुढे डोळे मिटून बसतात. सुरुवात ही अशी चोरीची.

कारण होतं वडिलांची कॅसेट. ते भीमगीतांच्या गायन पार्टीत डग्गा वाजवत. पुढे बोटं आखडली, वाजवणं सुटलं. उरली ती जयंतीच्या कार्यक्रमाची एकच कॅसेट. आमच्या टेपच्या इवल्या स्पीकरवर तिच्यातलं गाणं, पेटी, ढोलकी, सगळं ऐकू येई. डग्गा तेवढा नाही. आई म्हणायची, "तुम्ही तवा बसल्या बसल्या झोपले असाल." वडील हसायचे, पण ते त्यांना लागायचं. मला तर त्यांच्याहून जास्त.

रांजणातून डग्गा आला, पण सोबत घुमाराही आला. प्रत्येक थाप नुसती भुंम करून पसरे, कुठली कुठे संपली कळेना. मी बाहेरून गोणपाट गुंडाळलं, फरक शून्य. चिडून रांजणाला एक लाथ घातली. अंगठा सुजला.

मग आम्ही सगळे नायगावला लग्नाला गेलो. परत येऊन टेप लावला, तर घुमारा गायब. थाप नेमकी, घट्ट. मी गोंधळून स्पीकर उचलला. रांजण पाण्यानं निम्मा भरलेला होता.

गावाला जाताना किल्ली शेजारी द्यायची आणि टँकर आला की बंद घराची भांडी शेजाऱ्यांनी भरायची, ही आमच्या गल्लीची रीत. शेजारच्या मावशींनी ती पाळली होती. "निम्मेच भरले बाबा, पाणी पुरलं न्हाई," त्या ओशाळून म्हणाल्या. "अन् झाकणं लई जड हायेत तुमची. त्याला वायरी कशाला?" मी सरळ त्यांच्या पाया पडलो.

पाण्यामुळं आतली हवा कमी झाली होती आणि रांजण जडही झाला होता. हे शहाणपण मला पुढं पुस्तकात सापडलं. पाणी आईनं अर्थातच स्वयंपाकाला काढून नेलं. मांजरा नदीत पाणी नव्हतं, वाळू हवी तेवढी होती. मी सायकलवरून पोती आणली, रांजण निम्मे भरले आणि वडिलांना समोर बसवलं.

डग्गा वाजत होता, अगदी ठसठशीत. वडिलांनी आईकडे नुसतं बघितलं. माझी छाती फुगली. दुसऱ्या गाण्यातही वाजला. तिसऱ्याच्या शेवटच्या कडव्यात मात्र तो अचानक थांबला. पेटी, ढोलकी चालूच होती. आता काहीच लपत नव्हतं.

आईनं पदर तोंडाला लावला. "बघा. झोपलेच होते."

"झोपलो न्हाई," वडील म्हणाले. "गाणंच तसं होतं. मी ऐकत बसलो होतो."