चिंकाऱ्याचं पाडस आणि माझा तोरा

नव्वदच्या दशकात मी इंदापूरच्या माळावर चिंकाऱ्यांच्या संगोपन केंद्रात रोजंदारीवर होते. आईवेगळी झालेली पाडसं आमच्याकडं यायची. ती वाढवायची आणि जरा मोठी झाली की माळावर सोडायची, एवढंच काम. पण नियम कडक. दूध पाजताना डोक्यापासून गुडघ्यापर्यंत गोणपाट पांघरायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही. माणसाची सवय लागलेलं पाडस माळावर टिकत नाही, शिकाऱ्यापुढंसुद्धा जाऊन उभं राहतं.

राखणीला असलेले तात्या हे रोज बजावायचे. "पोरी, माया करायची तर घरी कर. हितं न्हाय." माझं डोकं फिरायचं. स्वतः दिवसभर बिड्या फुंकतंय म्हातारं, आणि मला अक्कल शिकवतंय!

सकाळी शेळीचं दूध कोमट करायचं, बाटलीनं पाजायचं आणि मग ओल्या फडक्यानं शेपटीखाली पुसायचं, आई चाटते तसं. त्याशिवाय तान्हं पाडस मुततच नाही. उन्हाळ्यात त्या गोणपाटात जीव नकोसा व्हायचा. तात्या पाण्याला गेले की मी ते काढून ठेवायची. एका पाडसाशी मग बोलायलाही लागले. मग तळहातावर गुळाचा खडा. नुसतं "ये बाळा" म्हटलं की पळत यायचं.

एकदा पणदऱ्याहून माझी नणंद आली. माझ्या कामाला तिनं कायम नाक मुरडलेलं. "हरणांचं मूत पुसतीस व्हय गं?" असं चारचौघांत विचारायची. त्या दिवशी मी कुंपणाच्या जाळीपाशी उभं राहून हाक मारली, पाडस उड्या मारत आलं आणि माझा हात चाटायला लागलं. नणंदबाईंचा आ वासलेला तो मिटेचना. आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

सोडायच्या आधी बारामतीहून वनखात्याचे साहेब तपासणीला आले. माणूस बघून पाडस पळालं तर माळ, नाही पळालं तर जन्मभर पिंजरा. ते पळालं नाही. साहेब भडकले, "याला लळा कुणी लावला?"

आणि मी, बापाच्या वयाच्या माणसाकडं बोट करून म्हणाले, "तात्या तितंच बसत्यात बिड्या वढत. त्यांनीच धीट केलंय."

पाडस तात्यांजवळून पुढं गेलं, साहेबांनाही ओलांडलं आणि माझ्यापाशी येऊन तळहात हुंगायला लागलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. साहेबांनी वहीत 'पिंजरा' एवढंच लिहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आठ दिवसांनी पिंजऱ्याची गाडी आली. दोरी घेतलेली माणसं बघून पाडस बिथरलं, जाळीला धडका द्यायला लागलं. नाकातून रक्त आलं. तात्या माझ्याकडं न बघता म्हणाले, "तूच बोलीव आता. तुझंच ऐकतंय ते."

मी हाक मारली. ते लगेच शांत झालं, माझ्या मागं मागं आलं आणि आपल्या पायानं गाडीत चढलं.