आयुधपूजेची आंघोळ

मिरजेहून मद्रासला निघालो तेव्हा मी भलत्याच जोरात होतो. आमच्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी केमिस्ट. मळीपासून केलेलं आमचं अल्कोहोल आता पेट्रोलमध्ये मिसळलं जाऊ लागलं होतं आणि भेटेल त्याच्यापुढे मी त्याचे गोडवे गात होतो. समोरच्या बाकावरच्या दोघांनी तर झोपेचं सोंग घेतलं.

ताईचं क्वार्टर मद्रासच्या आवडी या उपनगरात; दाजी तिथल्या संरक्षण कारखान्यात. दुसऱ्या दिवशी आयुधपूजा (आपली खंडेनवमी). इथे या दिवशी सायकलीपासून बसपर्यंत सगळ्यांना आंघोळ, चंदन-कुंकू आणि चाकाखाली लिंबू. दाजींची मोटारसायकल मी हौसेने धुतली. टाकीच्या झाकणावर पाण्याचा पाइप धरूनच उभा राहिलो.

"अरे, पुरे आता," ताई म्हणाली. मी कुठला ऐकतो!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भाचीची, मुक्ताची, शहराच्या दुसऱ्या टोकाला सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखत होती. सकाळी दहाला. वर्षभर अर्ज केल्यावर आलेलं हे एकमेव बोलावणं. मीच हट्टाने तिला मागे बसवलं. रस्ताभर माझं सुरू: धूर कमी, बाहेरचं तेल कमी, उसाला भाव.

"आणि ऊस पाणी किती पितो, मामा? उन्हाळ्यात आम्ही कुडम (घागर) घेऊन पाण्याच्या लॉरीच्या लाइनमध्ये असतो."

मी पुन्हा धुरावर आलो.

वाटेत नुंगंबाक्कमला पेट्रोल संपत आलं म्हणून कॉक रिझर्व्हला, म्हणजे टाकीच्या तळातल्या पेट्रोलवर, फिरवला. पुढच्याच सिग्नलला गाडीने मान टाकली. किक मारून पाय भरून आला, शर्ट पाठीला चिकटला. मुक्ता रिक्षा करते म्हणत होती. मीच "दोनच मिनिटं" म्हणत अर्धा तास घालवला. शेवटी गाडी ढकलत एका मेकॅनिकपाशी नेली. त्याने टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढलं. वर पेट्रोल, खाली वेगळाच थर.

"तण्णी (पाणी)," तो म्हणाला आणि तमिळमध्ये बरंच काही बोलला.

"हे अण्णा विचारतायत, गाडी धुतली का," मुक्ता म्हणाली. "झाकणातून पाणी गेलंय. पूर्वी थोडं पाणी तळाला पडून राहायचं. या मिक्स पेट्रोलमधलं स्पिरिट त्या पाण्याबरोबर खाली बसतं, मग इंजिन बंदच. पूजेनंतर रोज अशा गाड्या येतात म्हणे."

मी खालच्या थराचा वास घेतला. आमच्या डिस्टिलरीचाच वास! अल्कोहोल पाणी ओढून घेतं, हे मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो.

मुक्ता रिक्षाने गेली. पोचायला अकरा वाजले. फाटकावरूनच परत पाठवली. घरी आल्यावर ती कॉटवर बसली.

"तुला माहीत होतं ना, मामा?"

"होतं."

ती उठून आत गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीच्या गाडीत एका गृहस्थाने आपणहून विचारलं, "हे मिसळलेलं पेट्रोल चांगलं की वाईट हो?"

"हवेला थोडं बरं," मी म्हणालो. "आमच्या कारखान्याला फारच बरं. गाडीवाल्याला बरं की वाईट, ते मात्र लगेच ठरवू नका. तुमच्या ओळखीत ज्यांच्याकडे गाडी आहे, त्यांना एवढंच सांगा की धुताना झाकणावर फडकं टाका. मी माझ्या माणसांना सांगितलं नाही."