न पाहिलेल्या शहराच्या जाणकार

फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नच्या ऑफिसात साहेबांनी बोलावून सांगितलं, "तुला दोन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवायचं ठरतंय." शहराचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. न्यूयॉर्क नाही, शिकागो नाही; आपल्याकडे सांगली असावी तसं नदीकाठचं, मध्यम आकाराचं शहर.

जर्मन कंपनी, त्यामुळे आधी शुलुंग, म्हणजे प्रशिक्षण. शिकवायला आलेल्या जर्मन बाई अमेरिकेला एकदाच, सुट्टीत जाऊन आल्या होत्या. दोन दिवस त्यांनी मला हसायला शिकवलं. "अमेरिकन माणसानं 'कशी आहेस' विचारलं, तर खरं उत्तर द्यायचं नाही," त्या गंभीरपणे म्हणाल्या.

"गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणत मी लिहून घेतलं. पुण्यात वाढल्यामुळे हे जरा जडच जाणार होतं.

घरी सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. बातमी कळताच त्यांनी टॅबलेट आणि माझ्या मुलीची कोरी वही ताब्यात घेतली. "अगं, तिथल्या जुन्या रेल्वे स्टेशनचं म्युझियम केलंय. बोटॅनिकल गार्डन सोमवारी बंद. आणि नदीवर बोट असते, पण उजव्या बाजूला बसायचं, पूल नीट दिसतात."

"आई, रविवारी आपण फ्रँकफर्टला जाऊ या का?" नवऱ्यानं विचारलं.

"तिथे काय आहे बघायला?"

त्यानं शोधायला मोबाइल काढला. सहा वर्षं इथे राहून आम्हाला ऑफिस, भारतीय किराणा आणि व्हिसाची कचेरी एवढंच पाठ होतं.

मुलीला विचारलं, तर ती जर्मनमध्ये म्हणाली, "इश् ब्लाइब हिअर." मी इथेच राहणार. आजीला भाषा कळली नाही, पण सूर कळला. "तिला प्राणिसंग्रहालयातले पेंग्विन दाखवा म्हणजे निघेल," त्या म्हणाल्या.

महिन्याभरात साहेबांनी पुन्हा बोलावलं. बदली रद्द झाली होती. ते काम आता स्वस्तात पुण्याहून होणार होतं. म्हणजे ज्या गावाहून मी निघाले, तिथेच ते गेलं. मी शिकल्याप्रमाणे हसले. खरं म्हणजे रडू येत होतं.

पुण्याला जाणारं काम आमच्यामार्फत सोपवायला त्या शहरातला एक सहकारी एश्बॉर्नला आला. त्याला मी जेवायला बोलावलं. भाजी वाढता वाढता सासूबाईंनी इंग्रजीत परीक्षा सुरू केली. म्युझियम पाहिलं का? नाही. बोट? नाही. गार्डन?

"शाळेत असताना सहलीला गेलो असेन," तो ओशाळून म्हणाला. "घरापासून दहा मिनिटांवर आहे खरं."

"दहा मिनिटांवर!" सासूबाई हातातला डाव तसाच धरून माझ्याकडे वळल्या. "अगं, ह्याला काहीच माहीत नाही." मग त्यांनी वही आणली आणि त्याला त्याच्याच गावातले रस्ते समजावून दिले. बिचाऱ्यानं वहीच्या पानांचे फोटो काढले. पुढच्या महिन्यात त्यानं बायकामुलांसह बोटीतला फोटो पाठवला. डावीकडे बसले होते.

तोवर सासूबाई पुण्याला परतल्या होत्या. सोसायटीतल्या बायकांना त्या अमेरिकेबद्दल तासभर सांगतात, असं कळलं. जर्मनीचं कुणी विचारलं, तर म्हणतात, "थंडी असते. ब्रेड बरा मिळतो."