ड्रॉवर बंद करणारं भूत

माझा भुतांवर विश्वास नाही, पण त्यांच्या कामाच्या दर्जावर माझं बारीक लक्ष असतं. हा नोकरीचा परिणाम. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि चार वाजता मोशीला घरी येऊन भुताखेतांचे, खुनाबिनाचे व्हिडिओ गेम खेळायचे, हा माझा कित्येक वर्षांचा क्रम. (बायकोचं म्हणणं, चुका काढायचं काम मी घरीही ओव्हरटाइममध्ये चालू ठेवतो. ते जाऊ द्या.)

गेमबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि ती न विचारता मिळतात. अंधारातून एकदम कोणी किंचाळत अंगावर आलं की लोक त्याला भीती म्हणतात. मी म्हणत नाही. दाराआडून 'भॉ' केल्यावर माणूस दचकतो, भीत नाही. गेममध्ये बंदूक हातात आली की माझा रसच संपतो. ज्याच्याशी गोळ्या घालून मिटवता येतं ते भूत कसलं? आणि त्या जिथंतिथं सापडणाऱ्या डायऱ्या! खुनी सुरा घेऊन मागं लागलाय आणि हा गृहस्थ बसून सुवाच्य अक्षरात चार पानं लिहितोय. खरी भीती वेगळीच. आपण टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवलेली बशी परत आल्यावर उजव्या कोपऱ्यावर दिसते, ती खरी. अशी मतं मी गेम खेळणाऱ्या मराठी मंडळींच्या एका ग्रुपवर नियमानं लिहायचो. तिथं मला बऱ्यापैकी मान होता.

तर मागच्या हिवाळ्यात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या लातूरहून आमच्याकडं राहायला आल्या. मी त्यांना मामी म्हणतो. म्हणतो म्हणजे, तशी वेळ आली तर म्हणेन. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी आमचं थेट बोलणं "जेवलात का?" आणि "हो" यापुढं सरकलेलं नव्हतं. बाकी सगळं माझी बायको वर्षा हिच्यामार्फत. मी हॉलमध्ये बसलेलो असताना मामी तीन पावलांवरच्या स्वयंपाकघरातून वर्षाला सांगणार, जावईबापूंना विचार चहा टाकू का. मी वर्षाला सांगणार, मामींना म्हणावं अर्धाच कप. मधे वर्षा, दोन्हीकडचं दोन्हीकडं ऐकू गेलेलं असताना ते पुन्हा पोचवत उभी. मी दारातून आत आलो की मामी पदर सावरून आतल्या खोलीत जात. जावयाची वस्तू तर त्यांना देवघरातल्यासारखी. टीव्हीचा रिमोटसुद्धा त्यांनी कधी हातात धरला नाही.

डॉक्टरांनी सहा आठवडे रोज व्यायाम सांगितला होता. लातूरच्या घरी दुसरं कोणी नाही, आणि तिथं गेल्यावर मामी व्यायाम सोडून पाण्याच्या घागरी उचलायला लागणार, हे वर्षाला पक्कं ठाऊक. पण जावयाच्या घरी पाय लांब करून बसायचा मामींना फार संकोच. आठवडा होतो न होतो तोच "मला गाडीत बसवून दे" सुरू झालं. वर्षा हिंजवडीला नोकरी करते, कॅबनं आठला जाते आणि ट्रॅफिकनं सोडलं तर साडेसातला येते. मी कंपनीच्या बसनं तिच्याही आधी जातो. म्हणजे मामी दिवसभर चार भिंतींत एकट्या.

"अहो, तुम्ही चारला येता ना? जरा बोलत जा तिच्याशी," वर्षा एकदा अगदी काकुळतीला आली. "अशीच निघून गेली तर गुडघा आखडून बसेल. जन्माचं दुखणं होईल तिला."

मला खरंच वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी बोलायचंच असं ठरवून घरी आलो. मामी आत गेल्या. काय बोलावं याचा मी पाच मिनिटं मनापासून विचार केला, आणि काहीच सुचेना म्हणून गेम लावला.

तेव्हा मी एक नवा गेम खेळत होतो. टेकडीवरचं एक मोठं परदेशी घर, दिवाणखान्यात विष घालून मारलेला डॉक्टर, घरात सहा माणसं, त्यांतला एक खुनी. या गेमची खासियत म्हणजे घरातली कुठलीही वस्तू उचलता येते, हलवता येते, कुठलंही कपाट उघडता येतं. मी पुरावे शोधत प्रत्येक ड्रॉवर उघडायचो, आतलं बाहेर काढायचो आणि पुढच्या खोलीत जायचो. तळघराच्या कुलपापाशी मात्र गाडी अडली होती. किल्ली काही सापडेना. आणि मी गेम पूर्ण बंद कधीच करत नाही. नुसता झोपवून ठेवतो. बटण दाबलं की थांबलो होतो तिथून पुढं सुरू.

एका मंगळवारी बटण दाबलं, तर अभ्यासिकेतले सगळे ड्रॉवर बंद! मी उघडे टाकून गेलेले चौदाच्या चौदा. बुधवारी रिकाम्या खोल्यांतले दिवे घालवलेले. गुरुवारी दारातले बूट जोडीजोडीनं भिंतीला लावलेले आणि जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या आत सरकवलेल्या. शुक्रवारी दिवाणखान्यात शिरलो आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. डॉक्टरच्या प्रेतावर कोणीतरी पायापासून डोक्यापर्यंत व्यवस्थित चादर घातली होती.

वर्षाला विचारलं, तू माझा गेम खेळतेस का? तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी प्रश्न मागं घेतला. मग मी कंपनीत करतो तशी पद्धतशीर चौकशी केली. आमच्याकडं माल बिघडला की 'असं का झालं' हे पाचदा विचारतात आणि माशाच्या काट्यासारखी आकृती काढून माणूस, मशीन, पद्धत असे एकेक संशयित तपासतात. मी कागदावर तो मासा काढला. मशीन तपासलं, ठीक. पद्धत ठीक. 'माणूस' या काट्याखाली दोन नावं लिहिली, मी आणि वर्षा, आणि दोन्ही खोडली. घरात तिसरं माणूस आहे, दिवसभर आहे आणि टीव्हीसमोरच बसलेलं आहे, हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. (असा कागद ट्रेनीनं आणला असता तर मी त्याच्या तोंडावर फेकला असता.)

राहिला एकच निष्कर्ष: हे गेमच करतोय. शनिवारी मी ग्रुपवर माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी समीक्षा लिहिली. आजवर एवढं सूक्ष्म भूत झालेलं नाही, असं म्हटलं. हे भूत किंचाळत नाही, ड्रॉवर बंद करतं. यालाच कला म्हणतात, असं म्हटलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी त्या भुताचा स्वभावही उलगडून दाखवला, आणि शेवटी 'ज्यांचा खेळून झालाय त्यांनीच वाचा' असा इशारा देऊन, खुनी माळीच आहे हेही ठणकावून सांगितलं.

लोकांनी लिहिलं, आमच्याकडं असलं काही होत नाही. मी उत्तर दिलं, होणार नाही, तुम्ही घाईनं खेळता. आमच्या लाइनवरचा दत्ता कुरुळीत राहतो. त्यानं ती समीक्षा वाचून मुद्दाम गेम घेतला आणि चार दिवसांनी कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसला.

"राव, मी डबल खेळलो. ड्रॉवर उघडेच राहतात."

"तुझ्यात संयम नाही, दत्ता," मी म्हणालो. बिचाऱ्यानं तिसऱ्यांदा सुरू केला.

त्याच आठवड्यात एका दिवशी माल आला नाही म्हणून आमची लाइन थांबली आणि मी दुपारी बारालाच घरी पोचलो. किल्लीनं दार उघडलं. हॉलमध्ये लख्ख ऊन. दिवाणावर मामी, ऑपरेशनचा पाय स्टुलावर, डोळ्यांवर चष्मा, हातात माझा कंट्रोलर. पडद्यावर टेकडीवरचं घर. मामी एकेक ड्रॉवर लावत चालल्या होत्या आणि पुटपुटत होत्या.

"परत सगळं उघडं टाकून गेलेत. काय वळण म्हनून नाई. आन् ह्या मेलेल्या मानसाची चादर कामून काढली बाई?"

चादर मी काढली होती. पुरावा शोधायला.

माझ्या हातातून डबा पडला. मामींनी वळून पाहिलं, कंट्रोलर दिवाणावर टाकला, एवढ्या झटक्यात उठल्या की माझाच गुडघा कळवळला, आणि पदर सावरत आत गेल्या. दार लागलं. मी उभाच. काहीतरी म्हणायला हवं होतं, पण आमचं सगळं बोलणं जिच्यामार्फत चालायचं ती हिंजवडीला होती.

दहा मिनिटांत तिचाच फोन आला. मामींनी तिला कळवलं होतं: उद्याच्या गाडीत बसवून दे, माझ्या हातून जावईबापूंच्या वस्तूला हात लागला, आता मला तोंड दाखवायला जागा नाही. धूळ पुसताना बटण दाबलं गेलं, घर दिसलं, तो पसारा बघवेना म्हणून रोज थोडं आवरत गेले, असंही सांगितलं होतं. वर्षाच्या आवाजात रडू होतं. "काय बोललात तुम्ही तिला?"

"एक शब्द नाही."

"तेच तर," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी दाराशी गेलो. आत पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. ही बाई आखडलेला गुडघा घेऊन लातूरला जाणार, आणि ती माझ्यामुळं जाणार, हे एकदम लक्षात आलं. माफी मागावी तर त्या आणखी संकोचणार. 'राहा' म्हणावं तर नऊ वर्षांत कधी म्हटलेलं नाही. खाकरलो. आणि माझ्या मनात खरोखर जे होतं तेच तोंडातून निघालं.

"मामी, ती तळघराची किल्ली तुम्हाला सापडली का हो?"

आत चेनचा आवाज थांबला. मग दाराआडूनच उत्तर आलं.

"पिठाच्या डब्यात."

"कुठं?"

"पिठाच्या डब्यात. घरातली किल्ली बाई आनखी कुठं ठेवंल? तुम्ही सगळे कागद उपसले, पन सैपाकघरात पाऊल टाकलं नाई."

दार उघडलं. मामी बाहेर आल्या, दिवाणावर बसल्या आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा मी बसेपर्यंत वाट पाहिली. मग मला पडद्यावरचं सगळं घर हिंडवून दाखवलं. त्यांना इंग्रजी येत नाही, त्यामुळं गेममध्ये सापडणारी एकही चिठ्ठी वाचलेली नव्हती. मी सगळ्या वाचल्या होत्या आणि त्यांवरून माळ्याला पक्कं धरलं होतं. मामी म्हणाल्या, माळी कशाला मारील, त्याचे हात बघा, कष्टाचा मानूस हाय. मग त्यांनी मला जेवणाच्या टेबलापाशी नेलं.

"मानसं सहा. पाचजनांपुढं खरकटे कप हायेत. सहावा कप सैपाकघरात, धुऊन पालथा घातलाय. ज्या घरात कोनी उठून पानी पीत नाई, तिथं एकच गडी आपला कप कामून धुईल?"

"कोणापुढं कप नाही?"

"त्या हिरव्या कोटवाल्यापुढं. त्यानंच आपल्या कपातून डॉक्टरला पाजलंय."

हिरव्या कोटवाला म्हणजे घरचा वकील. प्रत्येक चिठ्ठीत ज्याची स्तुती होती तो सज्जन. आम्ही तळघर उघडलं. विषाची बाटली तिथंच होती, वकिलाच्या पेटीत. (बाटली पुरावा म्हणून उचलल्यावर मामींनी पेटीचं झाकण लावून घेतलं.)

वर्षा अर्धी रजा टाकून निघाली होती, पण हिंजवडीच्या ट्रॅफिकला रजेचं काय कौतुक! सहाला धापा टाकत घरात शिरली, तेव्हा मामींची पिशवी कोपऱ्यात आणि आम्ही दोघं दिवाणावर. मामी मला सांगत होत्या की पायऱ्यांवरून पळवू नका, पडंल तो. वर्षानं काय झालं ते ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि हसत सुटली. मग तिला नको ते आठवलं. माझी समीक्षा. मीच मोठ्या अभिमानानं तिला पाठवली होती, आणि तिनं तोवर ती उघडलीही नव्हती.

"आई, तुझ्याबद्दल काय लिहिलंय ऐक," म्हणून तिनं फोन काढला. मी हातानं, डोळ्यांनी, होतं नव्हतं त्या सगळ्यानं नको नको म्हणत होतो. तिनं खणखणीत आवाजात वाचलं: "हे भूत बहुधा एका खाष्ट, अतृप्त म्हाताऱ्या बाईचं असावं. दुसऱ्याच्या घरात ढवळाढवळ केल्याशिवाय तिच्या आत्म्याला चैन पडत नाही."

वाचता वाचता तिचाही आवाज बारीक झाला. मी जमिनीकडं पाहत बसलो. पिशवी अजून भरलेलीच होती. मामी समीक्षा शेवटपर्यंत वाच म्हणाल्या. वर्षानं वाचली. मामींनी चष्मा काढला, पुसला आणि सवयीनं वर्षाकडं वळल्या. मग काय वाटलं कोण जाणे, थांबल्या आणि थेट माझ्याकडं पाहून बोलल्या.

"खाष्ट म्हनलात ते चालंल, जावईबापू. पन खुनी चुकलाय. तेवढं दुरुस्त करून टाका."

मामी सहाच्या जागी आठ आठवडे राहिल्या आणि गुडघा एकदम सरळ घेऊन गेल्या. समीक्षा मी त्याच संध्याकाळी सुधारली आणि भूत कोण तेही खाली लिहिलं. आता ग्रुपवर माझ्या मताला कोणी विचारत नाही. मामी सध्या काय खेळतायत, असं विचारतात. सोळा वर्षं लोकांचा माल नापास करतोय, माझा मात्र पहिल्याच तपासणीत परत आला, आणि तपासणाऱ्या बाईंनी जाता जाता माझा ड्रॉवरही लावून टाकला.