पगाराच्या फायलीचा पासवर्ड

आमच्या एचआर मॅनेजरने मला फसवले. लोकांचे पगार त्याने फोडले आणि नाव माझे घेतले.

आमची सॉफ्टवेअर कंपनी तेव्हा सदाशिव पेठेत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. पगाराचे काम मी करायचे. नागपूरहून एकटी आले, नोकरी करून संध्याकाळच्या क्लासला कॉम्प्युटर शिकले, आणि ही जागा कुणाच्या शिफारशीशिवाय मिळवली. पगाराच्या फायलीचा पासवर्ड मला आणि साहेबांना, म्हणजे याच एचआर मॅनेजरला, दोघांनाच माहीत होता. सख्ख्या बहिणीलाही मी कुणाचा आकडा सांगितला नसता.

तरी पगारवाढीच्या दिवसांत ज्याच्या-त्याच्या तोंडी दुसऱ्याचा पगार. चहाच्या वेळी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, चहा कंपनीचा पिता आणि बातम्या फुकट वाटता. मोठं मन हो तुमचं."

लोक हसले. मी कप असा आपटला की त्याचा कान तुटला. आता नोकरी जाणार, आणि जाताना नावही घेऊन जाणार, हे दिसत होते.

त्या संध्याकाळी धायरीत मेथी घेताना मी भाजीवाल्याला म्हटले, पलीकडचा तुमच्यापेक्षा कमी लावतो. म्हणता म्हणता डोक्यात उजेड पडला. साहेब हेच करत होते. कुणी वाढ मागितली की शेजारच्याचा पगार सांगून त्याला खाली आणत होते.

पुरावा नव्हता, म्हणून मालकांकडे जाऊन मी आरोप केला नाही. एवढेच म्हटले, की माझ्यावर संशय आहे तर पासवर्ड आजच बदला, मला सांगू नका, पगार साहेबांनाच करू द्या. साहेबांना नाही म्हणायला तोंड नव्हते.

पुढच्याच महिन्यात मी मालकांच्या सह्या घेत असताना एक इंजिनिअर तणतणत आत आला. नुकत्याच लागलेल्या मुलीचा पगार त्याने बोलून दाखवला. तो आकडा मलाही ठाऊक नव्हता. मालकांनी साहेबांना बोलावले आणि इंजिनिअरला विचारले, कुणी सांगितला?

"साहेबांनीच. म्हणाले, ती एवढ्यावर आली, तुम्हीच काय जास्त मागता?"

साहेब टायची गाठ चाचपत राहिले.

मालक मला म्हणाले, फाईल परत घ्या. मी लगेच घेतली नाही. आता गरज त्यांची होती. अर्धा पासवर्ड माझा, अर्धा तुमचा, एकट्याने कुणीच उघडायची नाही, अशी अट घातली. वर माझी पगारवाढ मागितली.

"आणि किती वाढला, ते साहेबांना कळता कामा नये."

मालक हसले आणि मागितले तेवढे दिले. मग मी म्हटले, साहेबांनी माझी माफी मागावी, चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर. तेवढे मात्र ताणू नका, मालक म्हणाले. काही महिन्यांनी साहेब हार घालून, केक कापून दुसऱ्या कंपनीत गेले.

मी निवृत्त होईपर्यंत त्या फायलीतला एक आकडा बाहेर गेला नाही. साहेब, तुम्ही अजून पुण्यातच आहात, मला पाहून रस्ता बदलता. बदलू नका. आरोप चारचौघांत केलात, उत्तरही चारचौघांत द्या. पगार कुणी फोडले?