पाठ टेकेना! कोल्हापूरच्या फ्रीस्टाइल शोला जाऊन आले त्याची गोष्ट

"म्हणजे खोटी कुस्ती बघायला आपण पुण्याहून कोल्हापूरला जायचं?" सुधीरनं विचारलं.

"हो. आणि तिकीट काढून," मी म्हटलं.

सुधीर म्हणजे माझा नवरा. त्याला कुस्तीतलं काही कळत नाही, पण तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातलं कळतं. म्हणून फार ओढाताण न करता तो तयार झाला.

मी केबलच्या जमान्यातली मुलगी. नव्वदच्या दशकात आमच्या वर्गातली मुलं पहिलवानांच्या फोटोचे पत्ते खेळायची, उंची किती, वजन किती, छाती किती. त्यांत मुलगी मी एकटीच होते आणि बहुतेक वेळा मीच जिंकायचे. टीव्हीवरची ती अमेरिकन कुस्ती ठरवून खेळतात हे कळलं तेव्हा बाकीच्यांचा विरस झाला. माझी गोडी उलट वाढली. नाटकातला खलनायक विंगेत जाऊन चहा पितो म्हणून कुणी तिकिटाचे पैसे परत मागतं का? प्रश्न एवढाच की गोष्ट नीट सांगताय की नाही. आणि अलीकडे ती नीट सांगत नाहीत, हे माझं ठाम मत आहे. तिकडच्या कुस्तीच्या दोन कंपन्या एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या तोवर काय बहार होती! मग मोठीनं धाकटीला विकत घेतलं, आणि दोन्ही घरच्या पहिलवानांची झुंज लावायची सोन्यासारखी संधी हातात असताना धाकटीच्या सगळ्यांना आल्या दिवसापासून बावळट ठरवलं. विकत घेतलेला माल आपणच रस्त्यावर फेकायचा, याला धंदा म्हणत नाहीत.

अशीच मतं इंटरनेटवरच्या एका ग्रुपवर मांडताना अमरशी ओळख झाली. अमर कोल्हापूरच्या कसबा बावड्यात राहतो आणि एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. दोन वर्षं आम्ही रोज भांडत होतो, पण भेट नव्हती. जानेवारीत त्याचा फोन आला.

"ताई, आमच्या राहुलला फ्रीस्टाइलमधी घेतलंय. शेवटची मॅच त्याचीच हाय."

राहुल म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, तालमीतला पहिलवान. कुणी एका हौशी आयोजकानं टीव्हीसारखाच रिंगणातला शो गावोगाव न्यायचं ठरवलं होतं आणि सुरुवात कोल्हापुरातून होती.

"मग रडतोस कशाला?"

"पडायचं हाय त्याला. काळा मुखवटावाला जिंकनार. आनि म्होरं वस्ताद बसनार."

ज्यांना तालमीचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कोल्हापुरात कुस्ती जिंकणं म्हणजे समोरच्याची पाठ मातीला लावणं. राहुलसारख्यांची खरी कमाई उन्हाळ्यातल्या गावजत्रांच्या मैदानांत होते, आणि कुणाची जोड कुणाशी लावायची हे गावच्या पंचांशी बोलून वस्ताद ठरवतात. आपला गडी गावासमोर मुद्दाम उताणा पडला हे वस्तादांना लागलं असतं, तर राहुलचा सगळा हंगाम गेला असता. कदाचित तालीमही. त्यानं त्यांना शो आहे एवढंच सांगितलं होतं, पडणार आहे हे नाही.

स्वारगेटहून सकाळची एसटी पकडली. खंबाटकी घाटानंतर रस्ता आता चांगला झालाय, पाच-साडेपाच तासांत कोल्हापूर येतं. साताऱ्याला गाडी थांबली की कंदी पेढे घ्या, पण स्टँडवरचा चहा घेऊ नका, तो चहा असल्याचं मला तरी पटलं नाही. कराडला शेजारी एक फेटेवाले काका येऊन बसले.

"पावणं, कुनीकडं?"

सुधीर म्हणाला, "कुस्ती बघायला."

काका एकदम खुलले. "कुनाची?" सुधीरनं शोचं सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे नुरा म्हना की!"

नुरा म्हणजे आतून ठरवलेली कुस्ती. मी लगेच फणकारले, "तुमच्या मैदानात होत नाही का नुरा? तास-तास गळ्यात गळा घालून उभे राहतात आणि शेवटी बरोबरीत सोडवतात!" काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "व्हती की. पर ती चोरून व्हती," ते म्हणाले आणि त्यांनी आम्हाला भुईमुगाच्या शेंगा दिल्या. मी शेंगा फोडायला लागले. छान होत्या.

उतरायला स्टँडजवळ ढीगभर लॉज आहेत. तीनशेच्या आसपास स्वच्छ खोली मिळते, फक्त रस्त्याकडची घेऊ नका. संध्याकाळी बावड्याला गेलो. फेब्रुवारी म्हणजे उसाचा हंगाम, कारखान्याकडं निघालेल्या बैलगाड्यांची रांग आणि हवेत मळीचा वास. सुधीरनं नाकाला रुमाल लावला. मला तो वास दहा मिनिटांत आवडायलाही लागला.

अमर फोटोपेक्षा बारीक निघाला आणि राहुल दारात मावेना. त्यांच्या बैठकीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि खाली राहुलनं जत्रांत मिळवलेल्या ढाली. त्यांच्या आईंनी सुधीरला पाटावर बसवलं. "खावा की दाजी, लाजताय काय!" दाजी लाजत नव्हतेच. पांढऱ्या रश्श्याची चौथी वाटी चालू होती.

जेवणावर विषय निघालाच. अमरचं म्हणणं, घरचा गडी घरच्या मैदानात पाडणं हा शुद्ध गाढवपणा. आणि इथं माझी पंचाईत झाली. कारण ग्रुपवर दोन वर्षं मीच लिहीत आले होते की दुष्ट पहिलवान आधी जिंकला पाहिजे. लोक चिडले पाहिजेत, म्हणजे बदला बघायला ते पुढच्या गावीसुद्धा तिकीट काढतात. आयोजकाची गोष्ट माझ्या नियमांच्या पुस्तकाप्रमाणे अगदी बरोबर होती. पण समोर ताटावर बसलेला राहुल भाकरी नुसती कुस्करत होता, आणि मला माझं पुस्तक आवडेनासं झालं.

"नाही म्हणून सांग ना," मी म्हटलं.

"शब्द दिलाय ताई," राहुल म्हणाला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे गंगावेशीत म्हशीचं समोर काढलेलं धारोष्ण दूध प्यायलो. फेसाच्या मिशा आल्या. हे चुकवू नका. तिथून तालमीत गेलो. आत बायकांना मज्जाव. अमरनं हे ओशाळून सांगितलं, तरी मला राग यायचा तो आलाच. उंबऱ्यातून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं. हौद्यात तांबडी माती, ताक, तेल आणि हळद घालून मळलेली, आणि तिच्यात घामानं निथळणारी माणसं. थोड्या वेळानं वस्ताद स्वतःच पायरीवर येऊन बसले. सत्तरीचे, कान मोडलेले, आवाज खणखणीत.

"तुमी टीव्हीवरल्या बघतासा म्हनं? त्यात पडल्याव गडी रडतंय का?"

"रडतो. पण तेही ठरवूनच."

ते मोठ्यानं हसले. "आनि आमचा काय करनार आज?"

मागून राहुल माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "तुम्ही या. बघा." त्यापेक्षा जास्त बोलायचा मला अधिकार नव्हता. दुपारभर आम्ही रंकाळ्यावर भेळ खात फिरलो, पण मन लागेना. सुधीर म्हणाला, "खोट्या कुस्तीसाठी तुझा जीव खरोखर कासावीस झालाय." ते खरं होतं.

शो एका कॉलेजच्या मैदानावर होता, दिवस मावळता मावळता सुरू झाला. दोऱ्यांचं रिंगण, त्यात ताणलेलं निळं कापड, आणि कोपऱ्यात चक्क हलगी. पहिल्या रांगेत वस्ताद आणि तालमीची मंडळी. सुरुवातीच्या लढतींवर माझं मत विचाराल तर प्रकाशयोजना बरी, निवेदक असह्य, आणि एका लढतीत चार जण उगाच मधे घुसले. ही रोगराई अमेरिकेतूनच आलीय.

मग राहुल आला. त्यानं रिंगणाला नमस्कार केला, खाली उतरून वस्तादांच्या पायाला हात लावला आणि सगळं मैदान उठलं. मुखवटेवाल्यानं ठरल्याप्रमाणे मागून हल्ला केला, डोळ्यांत काहीतरी टाकलं, खुर्ची हाणली. लोक ओरडायला लागले. राहुल कोसळला. मुखवटेवाला त्याच्यावर पडला, पंचानं तीन मोजायला हात उचलला, एक...

आणि राहुल पालथा झाला.

पुन्हा खुर्ची, पुन्हा राहुल उताणा, पुन्हा पंचाचा हात, आणि पुन्हा राहुल पोटावर. तालमीत लहानपणापासून हेच शिकवतात. पाठ धोक्यात आली की पालथा हो आणि माती धरून राहा. राहुल तर धरायला माती शोधत त्या निळ्या कापडावर बोटं रोवत होता. मुखवटेवाला कानात काहीतरी विनवत होता, हे मला विसाव्या रांगेतूनसुद्धा कळलं, मग पहिल्या रांगेतल्यांना का नाही कळणार. राहुलनं मान हलवली, हो म्हणाला, उताणा झाला आणि दोन म्हणेपर्यंत परत पालथा. शब्द द्यायला तोंड तयार होतं, अंग तयार नव्हतं. लोक टाळ्या पिटत होते, आयोजक कोपऱ्यात घाम पुसत होता, आणि अमर माझ्या शेजारी दोन्ही हातांनी डोकं धरून बसला होता.

वस्ताद उठले. हळू हळू दोऱ्यांपाशी गेले. हलगी थांबली. मला वाटलं, झालं, आता हे त्याला कान धरून घरी नेतात.

"राहुल्या!" वस्ताद गरजले. "शब्द दिलाईस का?"

राहुलनं पालथ्यापालथ्याच मान हलवली.

"मग पड की लेका! कापाड हाय ते, माती न्हाय!"

सगळं मैदान हसलं. राहुलपण. हसत हसतच तो उताणा झाला, दोन्ही हात पसरले, डोळे मिटले. पंचानं तीन मोजले. मुखवटेवाल्याचा हात वर झाला, पण त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. लोक हरलेल्याच्या अंगावर फेटे टाकत होते. मी रडले. ठरवून नाही.

धंद्याच्या हिशेबानं तो शो साफ फसला. आयोजकाला चिडलेले प्रेक्षक हवे होते आणि घरी गेले ते खूश होऊन. सांगलीचा पुढचा शो झालाच नाही असं नंतर कळलं. परतीच्या एसटीत मी सुधीरला हे सगळं समजावत होते, की राग विकायचा असेल तर तो कुठल्या गावात विकतोय हे आधी बघावं लागतं. कोल्हापुरात हरण्याजिंकण्याचे नियम लोकांच्या अंगात मुरलेत, ते कागदावर लिहून बदलत नाहीत. सुधीर म्हणाला, "पांढरा रस्सा घरी जमेल का तुला?" जमला नाही. दोनदा करून पाहिला.

टीव्हीवरची कुस्ती मी अजूनही बघते, आणि गोष्ट वाईट लिहिली की अजूनही चिडते. फक्त कुणी उताणा पडला की माझी नजर आता पंचाच्या हातावर नसते, पडणाऱ्याच्या बोटांवर असते.

एप्रिलमध्ये अमरचा फोन आला. मुरगूडजवळच्या एका जत्रेत वस्तादांनी राहुलची जोड लावली होती, त्याच्याहून भारी गड्याशी.

"मग?"

"हारला, ताई. चांगली पाठ लागली. खरी."

पण अमरचा आवाज हसरा होता.

"लई खूश हाय त्यो. परत येताना वस्तादांनी त्याला गाडीव म्होरं बसवून आनलं. दारात आला तर पाठीवरली माती तशीच. आई म्हनली, झाड की आदी. तर म्हनतोय, राहू दे गं, हिच्यासाठीच गेलतो."