बाकावरचे दोघे

बाई काय काम करतात असं कोणी विचारलं की मी अजून अडखळतो. त्या सिनेमात दिसत नाहीत, सिनेमा काढत नाहीत, लिहीत तर नाहीतच. त्या माणसं शोधतात. बापाच्या कामाला कोण, शेजारणीच्या कामाला कोण, हे ठरवतात. याला कास्टिंग डायरेक्टर म्हणतात, हे मला बाईंच्या म्हाताऱ्या आईने समजावून सांगितलं. सगळं सांगून झाल्यावर तिनेच मला विचारलं, "पण मग ही त्यात करते काय?" आता बोला!

मी कुलूपकिल्लीवाला. डोकं जरा तापट आहे, हे आधीच सांगून ठेवतो. बाईंचा आणि माझा संबंध आला तो त्यांच्या दारामुळे. पुढे जे झालं ते मला आजही नीट उलगडलेलं नाही.

बाई पन्नाशी उलटलेल्या, अंगाने बारीक. नजर मात्र अशी की समोरचा शर्टाची बटणं चाचपायला लागतो. दवाखान्यात, बसथांब्यावर, जिथे असतील तिथे लोकांना न्याहाळत बसतात. एकदा बँकेत एका गृहस्थाकडे इतका वेळ टक लावून पाहिलं की त्याच्या बायकोने तिथेच भांडण काढलं. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि तिलाच सिनेमात घेतलं. सिनेमे तसे छोटे. मागे मोठी कंपनी नाही, नावाजलेला नट नाही. सगळी भिस्त चेहऱ्यांवर.

त्यांची ऑडिशन घ्यायची पद्धतही जगावेगळी. ऑडिशन कधी सुरू झाली हे समोरच्याला कळूच द्यायचं नाही. एकाला म्हणे नुसतं पाणी आणायला पाठवलं, आणि तो ग्लास घेऊन येईपर्यंत त्याची निवड झालीसुद्धा. ही गोष्ट नटांमध्ये पसरलेली होती. बाई काहीही करायला सांगोत, तीच परीक्षा असं धरून चालायचं. मला हे फार उशिरा कळलं. आधी कळतं तर एवढं रामायण झालंच नसतं.

झालं असं. बाईंचा फोन आला, दाराचा लॅच अडकतोय, येऊन बघा. मी गेलो. बाहेरच्या पॅसेजमध्ये बाक होता आणि त्यावर एक माणूस आधीच बसलेला. माझ्याच वयाचा, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, ओठांत काहीतरी पुटपुटत होता. मी शेजारी टेकलो, हत्यारांची पिशवी दोघांच्या मधे ठेवली. तेवढ्यात बाईंनी दार उघडलं. आमच्या दोघांकडे पाहिलं. मला म्हणाल्या, "तुम्ही आत या." आणि त्याला म्हणाल्या, "तुम्ही तेवढं हे दार बघा."

मला वाटलं, आत आणखी एखादं कुलूप असेल. पिशवी बाकावरच ठेवून गेलो, तर आत होती खुर्ची. बसवलं. समोर कॅमेरा होता, पण हल्ली लोक दारात काय अन् घरात काय, सगळीकडे कॅमेरे लावतात, त्यात मला काही नवल वाटलं नाही. बाई म्हणाल्या, "मुलगी भांडून घर सोडून गेली. घराची किल्ली तिच्याकडेच आहे. आता?"

असं गिऱ्हाईक मला नवं नाही. घरातलं माणूस गेलं की लोकांना पहिली आठवण माझी येते. मी म्हटलं, "कुलूप बदलू नका. उगाच खर्च."

"तुमची मुलगी हो. तुम्ही काय कराल?"

आता मात्र माझं टाळकं सटकलं. "माझी मुलगी कुठे जातेय? तिला सकाळी हाका मारून मारून उठवावं लागतं! आणि गेलीच, तर किल्ली घेऊनच जाईल ना? तिचंच घर आहे ते!"

बाई नुसत्या बघत राहिल्या. बाहेरून खडखड ऐकू येत होती. कोणीतरी माझ्याच हत्यारांनी दार उचकटत होतं. मी उठायला लागलो तर म्हणाल्या, "लक्ष देऊ नका, दाराचं काम चाललंय." मी मटकन खाली बसलो. दाराचं काम तो करतोय, तर मग मी कोण?

बाहेर आलो तेव्हा तो माणूस घामाने निथळत होता. हाताला काळं लागलेलं, कानामागे माझी पेन्सिल, आणि लॅचला शिव्या अशा घालत होता की जन्मभर त्याने दुसरं काही केलंच नसावं. बाईंनी त्याला कामाचे पैसे दिले. त्याने ते कपाळाला लावले, माझी पिशवी माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाला, "काय कल्पना आहे हो बाईंची!" मी म्हटलं, हा ठार वेडा आहे.

निघताना माझा नंबर लिहून घेतला होता, त्यावर आठवड्याने बाईंनी मला शूटिंगला बोलावलं. बाप मी. बायको म्हणाली, "जा, नाहीतरी घरात तेच करता." मी गेलो. बाई सांगतील तिथे उभा राहिलो, चिडायचं तिथे चिडलो. लोकांना ते आवडलं.

पण त्यांचं दार! त्या दिवसापासून ते कधी धड लागलंच नाही. खांद्याने उचलून ढकलायचं आणि वर खुर्ची लावायची. पुढे चहाला म्हणून जाणं-येणं झालं, की आतून त्यांची आई ओरडायची, "अगं, दार लाव!" माझ्यासारख्या माणसाला तिथे चहा पिववत नव्हता. एकदा हात घालायला गेलो तर बाई म्हणाल्या, "राहू द्या हो काका, कारागिराने करून दिलंय." मी हात मागे घेतला. बोलायला गेलो असतो तर सगळंच बाहेर आलं असतं.

त्यातच बातमी आली. छोट्या सिनेमांतल्या कास्टिंगला पहिल्यांदाच बक्षीस ठेवलं होतं आणि बाईंचं नाव त्यात होतं. माझ्या त्या बापाच्या सिनेमासाठीच! बाईंना ते बक्षीस हवं होतं. त्यांनी कबूल केलं नाही, पण दिसत होतं. आजवर त्यांचं नाव पडद्यावर यायचं ते सगळं संपल्यावर, लोक पायांनी चपला चाचपत असताना. आणि आता समारंभाला मीही त्यांच्याबरोबर जायचं होतं, त्यांनी शोधून काढलेला माणूस म्हणून. खरं कळलं तर बाई तोंडघशी पडणार. बायको म्हणाली, "तोंडाला कुलूप लावा. तेवढं तरी येतं ना लावता?"

बक्षीस बाईंनाच मिळालं. बाई स्टेजवर गेल्या, मलाही बोलावलं. बाई म्हणाल्या, "यांना बाकावर पाहिलं आणि कळलं, हाच बाप." टाळ्या झाल्या. मग सूत्रसंचालक पोरगा माझ्याकडे वळला. "काका, ही संधी मिळवण्यासाठी तुम्ही किती वर्षं धडपडलात?"

धडपडलो? मी? रात्रंदिवस राबून दुकान चालवलं ते काय संधीची वाट बघत? माझी जीभ सुटली. "कसली धडपड! मी लॅच दुरुस्त करायला गेलो होतो!"

अख्खं सभागृह हसलं. त्यांना वाटलं, काकांनी विनोद केला. एकट्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी माइकवर हात ठेवला आणि मला विचारलं, "मग दार कोणी दुरुस्त केलं?"

"तो बाकावरचा."

बाईंचा चेहरा पडला. हातातलं बक्षीस त्यांनी तिथल्या टेबलावर ठेवलं, ते उतरताना विसरल्याच. मीच ते उचलून आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी घेऊन त्यांच्याकडे गेलो. बाई खुर्चीत बसून होत्या. "त्या दिवशी बोलावलेला नट आलाच नाही, आणि तुम्ही दुसरेच कोणी ऐकून आलात, असं मी धरून चालले होते, काका," त्या म्हणाल्या. "आणि तो तासभर माझ्या दारात काम करत होता. मी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. तो इतका खरा वाटला, की मी त्याला मजुरी दिली!"

बाईंनी मला ओळखलं म्हणून बक्षीस, की त्याला ओळखलं नाही म्हणून? मी चांगला की तो? डोक्याचा नुसता भुगा झाला होता.

त्याचा नंबर त्यांच्या फोनमध्ये होता. त्यांनी लावला. पलीकडून लगेच आवाज आला, अगदी उत्साहात. "बाई! मला माहीत होतं तुमचा फोन येणार. घरचे म्हणतात, दोन वर्षं झाली, नाद सोड. मी म्हटलं, बाई विसरायच्या नाहीत. सध्या औषधाच्या दुकानात बसतो, पण तुम्ही म्हणाल तेव्हा सोडतो." मग जरा थांबून त्याने विचारलं, "तो दाराचा सीन आठवतो ना तुम्हाला?"

बाईंनी दाराकडे पाहिलं. त्याला खुर्ची लावलेली होती.

"रोज आठवतो," बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू आवरेना.

मी स्क्रू ड्रायव्हर काढला होता, तो परत पिशवीत टाकला.